परभणीहून कॉन्सर्टला जाताना: आधी परतीचं तिकीट, मग शोचं

जगात जर्मनी अन् भारतात परभणी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण या म्हणीचा खरा उपयोग मला इलेक्ट्रॉनिक म्युझिकचा नाद लागल्यावर झाला. हे सगळं प्रकरण ज्यांनी सुरू केलं त्यातलं मोठं नाव म्हणजे क्राफ्टवर्क, जर्मनीच्या ड्युसेलडॉर्फचा ग्रुप, १९७० सालचा. जर्मनीनं सुरू केलं तर परभणीनं ऐकायला नको का, असं मी घरी म्हणलो, तर बाबा म्हणले ऐक की, मोबाईलवर ऐक, त्याला मुंबईला कशाला जायला पाहिजे.

तर ज्यांचा आवडता डीजे किंवा ग्रुप पहिल्यांदाच मुंबई-पुण्यात यायलाय, अन् जे परभणी, नांदेड, जालना, लातूर, बीड अशा ठिकाणाहून पहिल्यांदाच जायलेत, त्यांच्यासाठी हे लिहायलोय. मी आतापर्यंत पाच शो केलेत, त्यातल्या पहिल्या दोनला सणकून मार खाल्लाय. मुंबईच्या पोरांनी लिहिलेले सल्ले वाचून गेलतो, पण त्यांचं कसंय, शो संपला की लोकल पकडून अर्ध्या तासात घरी. आपला शो दोन तासाचा अन् प्रवास छत्तीस तासाचा असतो. आपल्या माणसाचा शो गेटवर कमी अन् रेल्वे स्टेशनवर जास्त बिघडतो.

पहिलं काम: शो कधी संपतो ते बघा

रात्रीचा शो म्हणजे रात्रभर चालणार अशी माझी समजूत होती. तसं नसतं. उघड्या मैदानावर रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, हा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सूट बहुतेक सणावारालाच जाते, गणपती-नवरात्र वगैरे. म्हणून मोठ्या मैदानावरचे शो दुपारी तीन-चारला गेट उघडतात अन् दहाच्या ठोक्याला आवाज बंद. हॉलमधला किंवा क्लबमधला शो असला तर गणित वेगळं, तो उशिरापर्यंत चालू शकतो.

आता दहाला शो संपला. मैदानातून बाहेर पडायलाच पाऊण-एक तास. अन् आपली देवगिरी सीएसएमटीवरून निघते नऊच्या सुमारास, लातूरची गाडी पण त्याच वेळेला, नंदिग्राम तर दुपारीच गेलेली असते. म्हणजे शो पूर्ण बघायचा असेल तर त्या रात्री रेल्वेनं घरी यायचं विसराच. पहिल्या वेळी मी देवगिरीचं रिझर्वेशन करून गेलतो, म्हणलं आठला निघू. मेन माणूस स्टेजवर आला पावणेआठला. मी पंधरा मिनिटं बघितलं, निघालो, अन् मागं सगळं मैदान एकदम ओरडलं, म्हणजे माझं सगळ्यात आवडतं गाणं लागलं होतं. ते मी गेटच्या बाहेर रिक्षावाल्याशी भाव करत ऐकलं.

म्हणून शोचं तिकीट काढायच्या आधी परतीचं ठरवा. पर्याय तसे तीनच आहेत. एक, रात्र मुंबईत काढून पहाटेची तपोवन पकडायची, ती सव्वासहाच्या सुमारास सीएसएमटीवरून निघते, दादरला-ठाण्यालाही चढता येतं, अन् संध्याकाळी घरी. मला हाच सगळ्यात बरा वाटतो. दोन, नीट झोप काढून दुपारची वंदे भारत, ती ऑगस्ट २०२५ पासून नांदेडपर्यंत यायलीय, नाहीतर जनशताब्दी. तीन, रात्रीची ट्रॅव्हल्स, पण मुंबईहून आपल्याकडं येणाऱ्या बऱ्याच गाड्या संध्याकाळीच सुटतात, त्यामुळं शेवटचा पिकअप किती वाजता अन् कुठं हे फोन करून विचारा, ॲपवरच्या वेळेवर बसू नका. बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला रेल्वे पोचली खरी, पण बीडवाल्यांना असल्या शोसाठी ट्रॅव्हल्सच सोयीची. पुण्यात शो असला तर मात्र आपली मजा आहे, नगर रोडनं येणाऱ्या गाड्यांना वाघोलीचा पिकअप असतो, शो संपवून आरामात गाठता येतो. गाड्यांच्या वेळा बदलतात, तेवढं निघायच्या आठवड्यात परत बघा.

रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० होतं. शोची घोषणा झाली की कॅलेंडरमधी शोच्या दुसऱ्या दिवसापासून मागं ६० दिवस मोजा अन् त्या तारखेला सकाळी आठला लॉगिन करून बसा. तत्कालच्या भरवशावर राहायचं असलं तर आयआरसीटीसीच्या अकाउंटला आधार जोडून ठेवा, जुलै २०२५ पासून त्याशिवाय ऑनलाइन तत्काल निघत नाही.

मग शोचं तिकीट

तिकिटं टप्प्याटप्प्यानं महाग होत जातात. अर्ली बर्ड सगळ्यात स्वस्त, मग फेज एक, फेज दोन. मैदान तेच, जागा तीच, फक्त तुम्ही उशिरा जागे झालात म्हणून हजार रुपये जास्त. वर जीएसटी अन् बुकिंग फी लागते, म्हणून पोस्टरवरचा आकडा बघून मित्राला पैसे मागू नका, पेमेंटच्या पानावरचा शेवटचा आकडा सांगा, नाहीतर नंतर फरकाचे तीनशे रुपये कोणी देत नाही.

जीए म्हणजे साधं उभं राहायचं तिकीट. व्हीआयपी म्हणजे बऱ्याचदा बाजूचा उंच ओटा, वेगळा बार, अन् बरे टॉयलेट. पहिल्यांदा जाणाऱ्यानं जीएच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, व्हीआयपीत लोकं ग्लास धरून उभे असतात, नाचत कोणी नाही. पैसे उरले तर ते रात्रीच्या रूमला ठेवा.

ग्रुपवर कोणीतरी पीडीएफ विकायला येतोच, भाऊ घरात लग्न निघालं, तिकीट आहे, अर्ध्यात देतो. आमच्यातल्या एकानं घेतलं. गेटवर स्कॅनरनं लाल दिवा दाखवला, तेच तिकीट दोन तासाआधी आत गेलतं, किती जणांना विकलं देव जाणे. पोरगं एवढ्या लांबून येऊन भिंतीच्या बाहेर बसलं अन् आम्ही आत. घ्यायचंच तर ज्या ॲपवर विकायलेत तिथंच ट्रान्सफर करून घ्या, तुमच्या नंबरवर तुमच्या नावानं दिसायला पाहिजे. अन् वयाची अट वाचा, काही शो १८ च्या वर असतात, काही २१.

कधीकधी तिकीट म्हणजे हाताला बांधायचा बँड असतो अन् तो कुरिअरनं घरी येतो. पत्ता गावाकडचा दिला असला तर कुरिअरवाला तालुक्याला ठेवून फोन करतो, फोन उचला.

पोस्टर नीट वाचा

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नावाखाली बारीक अक्षरात डीजे सेट लिहिलंय का लाइव्ह, ते बघा. डीजे सेट म्हणजे तो स्वतःची अन् दुसऱ्याची गाणी एकाला एक जोडत वाजवणार, तुमची आवडती चार गाणी तशीच्या तशी येतील असं नाही. लाइव्ह म्हणजे सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारं वाद्य), ड्रम मशीन, लॅपटॉप घेऊन तिथल्या तिथं गाणं उभं करणार, ओळखीचं गाणंही वेगळं निघतं, पाच मिनिटाचं बारा मिनिटं चालतं. दोन्हीत मजा आहे पण अपेक्षा वेगळी ठेवून जायला पाहिजे.

यावरून एक आठवलं. रोलँड या वाद्यं बनवणाऱ्या जपानी कंपनीनं १९८१ मधी टीबी-३०३ नावाचं छोटं मशीन काढलं, बेस, म्हणजे खालचे जाड सूर, वाजवणारा माणूस नसला की गिटारवाल्याला साथ द्यायला. ते आपटलं, सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागलं, मग शिकागोच्या पोरांनी त्याची बटणं उलटीसुलटी फिरवली अन् त्यातून ॲसिड हाउस नावाचा नाचायच्या म्युझिकचा प्रकार निघाला. पण त्याच्या काही वर्षं आधीच, १९८२ मधी, मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांनी तेच मशीन घेऊन रागांवर डिस्को ठेका लावलेली रेकॉर्ड काढली होती. तेव्हा कोणी विचारलं नाही, पुढं वीस-पंचवीस वर्षांनी जगानं शोधून ऐकली. तेव्हा हे म्युझिक आपलं नाही म्हणणाऱ्या काकांना हे सांगत जा.

शोच्या आधी पंधरा दिवस त्या कलाकाराचे पूर्ण सेट ऐका, नुसती रीलवाली गाणी नको. या म्युझिकचे प्रकार असतात, त्यातलं हाउस साधारण मिनिटाला १२० ते १२८ ठोक्यांचं असतं, ड्रम अँड बेस १७० च्या वर. कान एकदा त्या वेगाला बसला की चार मिनिटं काहीच होईना म्हणून कंटाळा येत नाही, पुढं काय यायलंय ते कळतं.

निघताना

घरी खरं सांगा. मी पहिल्यांदा मित्राच्या बहिणीचं लग्न सांगितलं अन् फोटोत मला कोणीतरी टॅग केलं. आता आईला जागेचं नाव, सोबत कोण अन् परतीचा पीएनआर पाठवून ठेवतो, विषय संपतो. मुली जायच्या असतील तर हे अजून सोपं पडतं, माझी मामेबहीण नांदेडहून आली तेव्हा मामांना रूमचा पत्ता अन् परतीची गाडी आधी दिली, मग ते काही बोलले नाहीत. चेकिंगची लाइन मुलींना वेगळी असते, आत काही वाटलं तर गार्डला लगेच सांगायचं, ११२ आहेच.

जाताना देवगिरी बरी, रात्री बसलं की सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटी. बॅग क्लोक रूममधी टाका, पण बॅगेला कुलूप लागतं, नाहीतर घेत नाहीत. रात्रीसाठी रेल्वेच्या रिटायरिंग रूम कन्फर्म पीएनआरवर ऑनलाइन मिळतात, लवकर भरतात पण, डॉर्मिटरीतला पलंग तरी बघा.

धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी घ्या, मी गंमत करत नाही. आत एक सँडविच तीनशेला पडलं होतं मला. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत म्हणून गेटच्या आधी पोटभर खायचं. मैदानाबाहेर फुटपाथवर आम्ही चौघं धपाटे खात बसलतो, शेजारी चकाकत्या कपड्यातली दोन पोरं आली, विचारलं हे काय आहे, दिलं एकेक, मग त्यांनी आम्हाला शो संपल्यावर कुर्ल्यापर्यंत सोडलं.

छोटी बॅग नाहीतर नुसते खिसे. छत्री, सेंट, लायटर, स्टीलची बाटली हे बहुतेक ठिकाणी गेटवरच ठेवून घेतात, पॉवर बँक कुठं चालते कुठं नाही, यादी वाचून घ्या. गोळ्या-औषधं असतील तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत. ओरिजनल ओळखपत्र पाहिजे, झेरॉक्स चालत नाही. बूट जुने घाला, नवे बूट घालून सहा तास उभं राहणारा माणूस मी होतो, टाचेला आलेला फोड दहा दिवस पुरला. अन् आपल्याकडचं ऊन कोरडं, मुंबईत घाम वाळतच नाही, त्यामुळं दुपारपासून पाणी अन् ओआरएस चालू ठेवा.

पोचायचं कसं, हे जागेवर आहे. महालक्ष्मी रेसकोर्स असलं तर वेस्टर्नच्या लोकलनं महालक्ष्मी. बीकेसी असलं तर आता मेट्रो ३ सीएसएमटीवरून थेट जाते, नाहीतर कुर्ला किंवा बांद्रा. डी. वाय. पाटील स्टेडियम असलं, जिथं २०२५ च्या धुळवडीला डीजे मार्टिन गॅरिक्स वाजवून गेला, तर हार्बर लाइननं नेरूळ. लोकलचं परतीचं तिकीट जातानाच काढा, रात्री खिडकीवर जत्रा असते.

आत गेल्यावर

आधी नेटवर्क जातं. वीस-तीस हजार लोकं एका टॉवरवर, फोन लागत नाही. म्हणून तिकिटाचा क्यूआर लाइनीत लागायच्या आधीच उघडून ठेवा, अन् आत गेल्या गेल्या हरवलो तर कुठं भेटायचं ते ठरवा. झेंड्याखाली नको, झेंडे शंभर असतात. पाण्याचा स्टॉल, तिसरा खांब, असं काहीतरी न हलणारं. एकदा बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

उभं कुठं राहायचं? सगळे पुढं धावतात. पुढं सबवूफर, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, थेट छातीवर येतात अन् बाकी काही ऐकू येत नाही. मैदानाच्या मधोमध एक पत्र्याचं नाहीतर पडद्याचं खोपटं दिसेल, तिथं साउंडवाला मिक्सरवर बसलेला असतो. तो जिथं बसून आवाज जुळवतो तिथंच आवाज सगळ्यात चांगला, हे साधं आहे. त्याच्या थोडं पुढं उभे राहा. आपल्याकडच्या मिरवणुकीतल्या डीजेचा आवाज नुसता मोठा असतो, भिंती हलतात, काचा वाजतात. इथं तो मोठा असून स्वच्छ असतो, बेस पोटात लागतो अन् त्यावरची बारीक टाळी पण वेगळी ऐकू येते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नाचायचं सोडून नुसता उभा होतो.

अन् कान. कामगारांच्या कानासाठीचा एक हिशोब आहे, ८५ डेसिबलला आठ तास चालतं, अन् दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी. तसं करत गेलं की १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. शो तेवढ्याच आवाजाचा असतो अन् चालतो कितीतरी तास. मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर दोन दिवस कानात शिट्टी. आई म्हणली चहा घेतो का, मी म्हणलो सहा वाजता. ती दहा मिनिटांनी परत आली, म्हणली आता साडेआठ झालेत, सहाला काय होतं. तेव्हापासून फोमचे इअरप्लग नेतो, मेडिकलवर वीस-पंचवीस रुपयात मिळतात. बोटात दाबून बारीक वळकटी करायची, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, आत घालून फुगेपर्यंत दाबून धरायचं. आवाज कमी होतो, मजा होत नाही. ज्यांना फिट येतात त्यांनी लखलखत्या लाइटचं आधी डॉक्टरला विचारून घ्या.

डीजेला फर्माईश करायची नाही. आपल्याकडं हळदीत स्टेजवर चढून कानात सांगायची सवय असते, हे लाव रे ते लाव रे, वरून दहाची नोट. इथं तसं नसतं, त्यानं दोन तासाचा चढउतार बांधून आणलेला असतो. आमच्यातला एक जण पूर्ण शो हलगीवरचं गाणं लाव म्हणून ओरडत होता, स्टेज दोनशे फूट लांब. शेवटी शेजारच्या पोरीनं त्याला चॉकलेट दिलं.

व्हिडिओ एक-दोन काढा, मग फोन खिशात, नाहीतर मागच्याला तुमच्या फोनमधूनच शो बघावा लागतो. पुढं जाताना खांद्यावर हात ठेवून सरकतो जरा म्हणलं की लोकं वाट देतात, ढकललं की नाही. ज्याला तुम्ही ओळखत नाही असा सुरुवातीचा डीजे पण ऐका, मैदान मोकळं असतं अन् आवाज तोच.

पिण्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात बीअरला २१ अन् हार्डला २५ पूर्ण पाहिजे, ओळखपत्र बघून हाताला वेगळा पट्टा लावतात. कोणी गोळी-पावडर असलं काही पुढं केलं तर हात मागं. त्यात काय मिसळलंय ते देणाऱ्यालाही माहीत नसतं, अन् पकडलं तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, लागतो, वकिलाचा खर्च बापाच्या सोयाबीनमधून जातो.

निघताना परत

शेवटच्या गाण्याला पळू नका. पळाल तर गाणं पण जातं अन् गर्दीत पण अडकता. आम्ही दिवे लागेपर्यंत थांबतो, मैदानातच बसतो वीस मिनिटं, पायाला आराम, तेवढ्यात गेट मोकळं होतं. गेटसमोर कॅबचे दर तिप्पट झालेले असतात. एक किलोमीटर चालत पुढं जाऊन बुक करा, नाहीतर सरळ स्टेशन गाठा, लोकल मध्यरात्रीपर्यंत असते. तपोवनचा गजर दोन मोबाईलवर लावा. मी एकदा एकावर लावला अन् तो सायलेंटवर होता, मग जनरलच्या डब्यात दाराशी बसून मनमाडपर्यंत.

आत खाणं-पिणं बऱ्याच ठिकाणी हातातल्या बँडमधी पैसे भरून घ्यावं लागतं. थोडेथोडे भरा, दोनशे-तीनशे. उरलेले परत मिळतात पण ते मागावे लागतात, ठराविक दिवसात, अन् तेव्हा बँडच्या मागचा बारीक नंबर विचारतात. तेवढा नंबर फोटो काढून ठेवा. माझे एकशे ऐंशी रुपये गेले, बँड मी तपोवनमधी कापून खिडकीतून टाकला होता, परतूर अन् सेलूच्या मधी कुठंतरी पडला असेल.